पत्र्यावर चिकटणारं सोलर: बिलोलीकरांनी वाट पाहावी का?

सिलिकॉनचं एक सोलर पॅनेल वीस-पंचवीस किलोचं. बिलोलीतल्या जुन्या पत्र्यांना ते पेलणं अवघड, म्हणून पातळ, वाकणाऱ्या ऑरगॅनिक सोलर सेलची बातमी इथं कामाची वाटते. ऑरगॅनिक म्हणजे शेणखत नव्हे. कार्बनचे रेणू, जे शाईसारखे फिल्मवर छापता येतात. 1986 मध्ये चिंग तांग यांच्या सेलची कार्यक्षमता जेमतेम 1 टक्का होती. आज प्रयोगशाळेत ती 20 टक्क्यांच्या आसपास आहे.

अडचण टिकण्याची आहे. ऊन, ऑक्सिजन आणि ओल लागली की हे रेणू खराब होतात. सिलिकॉनला 25 वर्षांची वॉरंटी मिळते. त्यामुळे स्लॅब असेल त्यांनी थांबू नये. पत्र्यासाठी कुणी फिल्म विकायला आलंच, तर मे महिन्याच्या उन्हात ती किती टिकली, हे आधी लेखी मागा.