परदेशांतून आणविलेलें खेळयंत्र

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील अनेक घरांतला एखादा मामा, चाचा किंवा थोरला भाऊ आखातांत नोकरीस असतो. त्याची सुटी मंजूर झाल्याचें कळलें कीं घरीं याद्या तयार होऊं लागतात. पूर्वींच्या याद्यांत टेपरेकॉर्डर, घड्याळ, अत्तर व उबदार ब्लँकेट हीं असत. हल्लीं मुलांच्या यादीच्या अग्रभागीं खेळयंत्र असतें. ज्यास तीं ‘कन्सोल’ म्हणतात तें. आपल्या देशांत तें विक्रीस येण्याची वाट पाहात बसण्यापेक्षां जेथें तें आज मिळतें तेथून आणवावें, असें त्यांचें म्हणणें. हें ऐकतांच कित्येक वडील मंडळी कपाळास आठ्या घालतात. आम्हांस तें इतकें पोरकट वाटत नाहीं. मात्र त्याचा हिशेब मुलें समजतात तितका सोपा नाहीं, आणि त्यांतील सर्वांत मोठी रक्कम तर हिशेबांत धरलीच जात नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. कोणी म्हणतात, परदेशी माल मागविणें स्वदेशीच्या विरुद्ध आहे. परंतु मुंबईच्या दुकानांत बिल देऊन घेतलेलें प्लेस्टेशन तरी कोठें आपल्या मातींत घडलें? तेव्हां स्वदेशीचा मुद्दा येथें लागू पडत नाहीं. शिवाय परदेशी वस्तूंची ओढ आमच्या महाडास आजची नव्हे. सावित्रीच्या खाडींतून बाणकोटाकडून गलबतें वर येत, महाडच्या बंदरांत माल उतरे, आणि पोलादपुरावरून बैलांच्या पाठीवर घाट चढून तो देशावर जाई. पावसाळा लागला कीं समुद्र बंद; मग जें हवें असेल त्यासाठीं नारळी पौर्णिमेनंतरच्या गलबताची वाट पाहणें भाग असे. त्या काळच्या माणसांस ती वाट पाहणें आवडत होतें असें नव्हे. दुसरा उपाय नव्हता, इतकेंच. आजच्या मुलास उपाय आहे, आणि म्हणूनच त्यास विचार करणें प्राप्त आहे.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. प्लेस्टेशन ५ हें यंत्र १२ नोव्हेंबर २०२० रोजीं अमेरिका, जपान आदि देशांत विक्रीस आलें, व १९ नोव्हेंबरास इतर पुष्कळ देशांत. भारतांत तें २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आलें. पहिल्या दिवसापासून मोजलें तर अंतर ८२ दिवसांचें. अमेरिकेंत तेव्हां त्याची किंमत ४९९.९९ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ३७,००० रुपये. येथें ती ४९,९९० रुपये होती. हा तेरा हजारांचा फरक पाहून मुलांचे डोळे विस्फारले. परंतु अमेरिकेंतील किंमतींत तेथील राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, तो दुकानांत वर द्यावा लागतो; आपल्याकडील छापील किंमतींत सर्व कर आलेले असतात. शिवाय त्या यंत्राचें नुसतें वजन साडेचार किलो. खोका व तारा निराळ्या.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे थांबले त्यांच्या हातीं ८२ दिवसांनीं यंत्र पडलें असें नाहीं. १२ जानेवारी २०२१ रोजीं आगाऊ नोंदणी खुली झाली आणि कांहीं मिनिटांतच साठा संपला. पुढेंही कित्येक महिने तीच रड चालू होती. सबुरीचें फळ गोड म्हणतात. येथें तें पुष्कळांच्या बाबतींत झाडावरच राहिलें. तेव्हां मुलांनीं अधीर व्हावें यांत नवल नाहीं.

आतां ती हिशेबांत न धरलेली रक्कम. २०१६ सालच्या सामानविषयक नियमांप्रमाणें आखातांतून येणाऱ्या भारतीय उतारूस, स्वतःच्या वापराच्या जिनसा सोडून, ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तु जकातीवांचून आणतां येत; त्यावरील मूल्यावर शेंकडा ३८.५० जकात बसे. (या मर्यादा वेळोवेळीं बदलतात, प्रवासापूर्वीं चालू नियम पाहून घ्यावे.) सदतीस हजारांचें यंत्र त्या मर्यादेंत बसलें खरें, पण मग मामानें आपल्या आईसाठीं, पत्नीसाठीं, धाकट्या भावासाठीं काय आणावें? दोन-तीन वर्षांनीं घरीं येणाऱ्या माणसाची जकातीची सवलत आणि विमानांतील सामानाचें वजन, दोन्ही एका भाच्याच्या हौसेंत खर्ची पडतात. टपालानें मागवावें तर तेथेंही सुटका नाहीं. भेट म्हणून आलेल्या वस्तूंस पूर्वीं जी सूट होती ती, राखी व जीवरक्षक औषधें वगळतां, डिसेंबर २०१९ मध्यें काढून घेण्यांत आली.

आणि मग ती सल्लामसलत सुरू होते, जी आम्हांस सर्वांत अधिक खटकते. ‘खोका तेथेंच टाकून दे. यंत्र थोडें वापरलेलें दिसूं दे. विचारलें तर जुनें आहे म्हणून सांग.’ हा सल्ला देणारा येथें पंख्याखालीं बसलेला असतो. खोटें बोलावयाचें असतें तें विमानतळावर अपरात्रीं उतरलेल्या, झोपमोड झालेल्या आणि घराची ओढ लागलेल्या माणसानें. पकडला गेला तर माल त्याच्या हातून जाणार, दंड त्यास होणार, आणि चारचौघांत मान खालीं जाणार तीही त्याचीच. जकातदाराविषयीं लोकांचें मत प्राचीन काळापासून वाईट आहे. नव्या करारांतील मत्तय हाही जकातनाक्यावरचाच मनुष्य होता, आणि प्रभु येशू जकातदारांच्या पंक्तीस बसला म्हणून परूश्यांनीं नाकें मुरडलीं. परंतु जकातदार अप्रिय आहे म्हणून त्याच्यापुढें खोटें बोलणें क्षम्य, हा न्याय आपल्या शाळेंत शिकविला जात नाहीं. जकात बसत असेल तर ती भरावी, पावती घ्यावी, आणि ती रक्कम मामाच्या नव्हे, यंत्र मागविणाऱ्याच्या घरच्या खिशांतून जावी. ज्यास हें परवडत नाहीं त्यास तें यंत्रच परवडत नाहीं.

मग परदेशांतून कांहींच आणवूं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जें येणार आहे त्याची वाट पाहणें निराळें, आणि जें येण्याचें चिन्हच नाहीं त्याची वाट पाहणें निराळें. निन्टेंडो कंपनीचें स्विच हें यंत्र ३ मार्च २०१७ रोजीं जगांत बाहेर पडलें. भारतांत त्याची अधिकृत विक्री तेव्हां सुरू झाली नाहीं. ५ जून २०२५ रोजीं स्विच २ निघालें तेव्हांही आपला देश यादींत नव्हता. आणि गंमत पाहा! ‘राजी’ नांवाचा खेळ पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचला. दुर्गेची कृपा लाभलेली एक मुलगी आपल्या भावाच्या शोधार्थ निघते, असें त्याचें कथानक. तो १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम स्विचवरच प्रसिद्ध झाला. इतर यंत्रांवर त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं आला. म्हणजे पुण्यांत घडलेला खेळ पहिल्या दिवशीं खेळावयाचा तर पुणेकरासही परदेशांतून आलेलें यंत्रच हवें! ज्या मुलास असे खेळ रचण्याची विद्या शिकावयाची आहे, त्याच्या वडिलांनीं रीतसर जकात भरून तें यंत्र आणविलें तर त्यास आम्ही चैन म्हणणार नाहीं.

परंतु अशा खरेदींतही डोळे उघडे हवेत. स्विच २ च्या जपानांत दोन आवृत्त्या निघाल्या, एक ४९,९८० येनांची व दुसरी ६९,९८० येनांची. स्वस्त आवृत्ति पाहून कोणीही हुरळून जाईल. पण ती केवळ जपानी भाषेंत चालते व तिला जपानचेंच खातें लागतें. आपल्या सातवीच्या वर्गांतील मुलानें तिच्यापुढें बसून करावें काय? प्लेस्टेशन ५ प्रो ची गोष्ट आणखी निराळी. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं तें परदेशांत निघालें, पण भारतांत आलें नाहीं. कारण त्यांतील वाय-फाय ज्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींचा उपयोग करतें, त्या त्या वेळीं आपल्याकडे विनापरवाना वापरण्यास खुल्या नव्हत्या. त्यांपैकीं खालचा पट्टा खुला करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारनें मे २०२५ मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे येथें उशीर झाला तो कोणा दुकानदाराच्या आळसामुळें नव्हे.

विजेचेंही पाहावें. आपली वीज २३० व्होल्टची, अमेरिकेची १२०, जपानची १००. हल्लींच्या पुष्कळ अडॅप्टरांवर १०० ते २४० असें छापलेलें असतें. तसें छापलेलें नसेल तर तें भिंतींतल्या सॉकेटांत लावूं नये. गॅरंटी बहुधा जेथें खरेदी तेथेंच चालते. जुलै २०२१ च्या महापुरांत महाडच्या पेठेंत पाणी शिरून कित्येक घरांतील विजेचीं उपकरणें चिखलांत गेलीं. तशा संकटास कोणतीच गॅरंटी पुरत नाहीं. परंतु पावसाळ्यांत वीज एकसारखी जाते-येते, तिनें बिघडलेलें येथलें यंत्र मुंबईस तरी नेतां येतें. दुबईस घेतलेलें कोठें न्यावें? तें मामाच्याच सामानांतून परत जाणार आणि त्याच्या पुढच्या सुटीस दुरुस्त होऊन येणार.

पालकांस आमची एक सूचना आहे. पुढील सुटीची यादी धाडण्यापूर्वीं मुलास एक कोरा कागद द्यावा. त्यावर त्यानें यंत्राची तेथली किंमत, येथली किंमत, वजन, बसणारी जकात, व्होल्ट, आणि बिघडल्यास कोठें नेणार तें स्वतःच्या हातानें लिहावें. जकात कोण भरणार तेंही लिहावें. मग तो कागद मामाकडे धाडावा, आणि त्याखालीं ‘यंदा जमणार नाहीं’ एवढें लिहिण्यापुरती जागा त्याच्यासाठीं मोकळी सोडावी.