बॉनेट उघडायला लाज कसली?

मागच्या एप्रिलमध्ये एका वर्कशॉपने माझ्या जुन्या गाडीचा एअर फिल्टर बदलला. बिलात फिल्टरपेक्षा मजुरीच जास्त. घरी येऊन बॉनेट उघडलं, तर काळ्या डब्याला चार क्लिपा. बोटाने उचलल्या, झाकण निघालं. पाच मिनिटांचं काम! तेव्हापासून रविवारची सकाळ, ऊन चढायच्या आत, गाडीसाठी राखून ठेवली आहे. शेजारचे काका हसतात, “काय बावा, मिस्त्री झाला का?”

नागपुरात हा छंद नाही, गरज आहे. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात बॅटरीतलं पाणी आटतं, वायपरचं रबर चिरतं, कूलंट कमी असलं तर इंजिन भर चौकात दगा देतं. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेघा बघायला कुठली डिग्री लागते? गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नये.

टायरचंही तेच. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, तापते आणि फुटू शकते. निघण्यापूर्वी हवा तपासायला दोन मिनिटं पुरतात.

ब्रेकचं काम मिस्त्रीकडेच द्यावं. ऑइल घरी बदललं, तर जुनं ऑइल नालीत न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्यावं. नाग नदीने आपलं पुष्कळ सोसलं आहे. मिस्त्रीचं पोट मारायचं नाही. फक्त तो काय सांगतोय, हे कळण्याइतकी आपली गाडी आपल्या ओळखीची हवी.