भीमपूरचा कापूस आणि ट्रॉलीचे गणित

पैनगंगेकाठच्या भीमपूर मंडळातील कापूस आदिलाबादच्या बाजारात जातो तो बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा लहान मालवाहू गाडीतून. केंद्राने जुलै २०१८ मध्ये ट्रेलरसह ट्रकचे कमाल एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर नेले. येथील शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. सुटा कापूस हलका आणि फुगीर; ट्रॉली वजनाने नव्हे, आकारमानाने भरते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन सुमारे १७० किलोची गाठ बांधली गेली, की मगच लांब ट्रेलर परवडतो. तोवर माल शेतकऱ्याच्या हातून गेलेला असतो.

त्याची खरी जोखीम रांगेत आहे. सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते. त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांनंतर खरेदीच नाही. हिवाळ्यात भरलेली ट्रॉली रात्रभर दवात उभी राहिली, तर ओलावा वाढण्याची धास्ती. ट्रॉली भाड्याची असेल, तर खोळंब्याचा भुर्दंड वेगळाच. आवारात ट्रॉल्यांसाठी छप्पर उभारणे हा फार मोठा खर्च नव्हे. २०२५च्या हंगामात सीसीआयने ‘कपास किसान’ अ‍ॅपवर विक्रीची वेळ आधी ठरवण्याची सोय आणली, हे योग्यच झाले. पण वेळ मिळाली म्हणून त्या दिवशी ट्रॉली मिळतेच असे नाही.