आवाज दबका नाही, दाबलेला आहे

दोस्तांनो, पेपर वाचताना बातमीतली क्रियापदं नीट बघत जा. मंत्री 'ठणकावतो'. साहेब 'बजावतो'. पाटील 'खडसावतो'. आणि वस्तीतला माणूस? तो 'पुटपुटतो'. त्याची बायको 'दबक्या आवाजात' सांगते. मंत्री गप्प बसला तर ते 'सूचक मौन'. आपली घरं जळाल्यावर गावात असते ती 'तणावपूर्ण शांतता'. शब्द जणू खिळे जुळवून तयारच ठेवलेत, फक्त गावाचं नाव बदलायचं!

'दबका' हा शब्द दिसायला गरीब, पण आहे चोर. आवाज काय आपोआप दबतो? कुणीतरी दाबतो म्हणून दबतो. वार्ताहर पाटलाच्या ओसरीवर चहा पितो, मग वस्तीत येतो. मागोमाग वाड्यावरची दोन माणसं येऊन उभी राहतात. बाई हळू बोलते. दुसऱ्या दिवशी छापून येतं, बाई दबक्या आवाजात म्हणाली. ती दोन माणसं बातमीतनं गायब! दाबणारा सुटला आणि भीती हा बाईचा स्वभाव ठरला.

दुसरा डाव याहून वाईट. 'गावात कुजबुज आहे', 'दबक्या आवाजात चर्चा आहे'. या कुजबुजीला ना बाप, ना पुरावा. कुणाची जबाबदारी नाही, म्हणून काहीही छापा.

खैरलांजी आठवा. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, २९ सप्टेंबर २००६. एका बौद्ध घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावानं ठार मारले. या मायलेकी कुजबुजल्या नव्हत्या. मारहाणीच्या एका प्रकरणात त्यांनी साक्ष दिली होती, मारणाऱ्यांना ओळखलं होतं. वाचलेला बाप पोलिसांत जाऊन बोलला. तरी सुरुवातीच्या बातम्यांत काय आलं? 'अनैतिक संबंधां'चा संशय! मायलेकींची उघड साक्ष मागं पडली आणि पारावरची कुजबुज छापून आली. नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं बड्या पेपरांना जाग आली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. जात बातमीतनं आधीच पुसली गेली होती, निकालातही ती उमटली नाही.

म्हणजे हिशेब असा : आपलं बोलणं त्यांच्या पेपरात कुजबुज होतं, आणि त्यांची कुजबुज बातमी होते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. आपली माणसं काय जन्मानं मुकी होती? छापखाने मुके होते. पैसे मोजायची तयारी असताना 'केसरी'नं त्याची साधी जाहिरात छापली नाही. पत्र काढावं लागलं ते त्यासाठी.

कुणी म्हणेल, भ्यालेल्या माणसाचं नाव छापायचं का? नका छापू. नाव जरूर झाका, पण कारण झाकू नका. 'नाव आलं तर उद्या पाणी बंद होईल, म्हणून ती नाव सांगत नाही' असं सरळ लिहा. मग भीती कुणाची आणि कशाची, ते शेंबड्या पोरालाही कळेल.

आपली काही पोरं आज पेपरात, चॅनेलात कामाला लागलीत. त्यांना सांगणं एवढंच. माणूस बोलला तर 'म्हणाला' लिहा. तो हळू बोलला तर मागं कोण उभं होतं तेही लिहा. आणि कुणी 'चर्चा आहे' म्हणालं तर विचारा, चर्चा करणारा कोण? त्याची जमीन कुठली, जात कुठली, या भानगडीत त्याचा फायदा काय? उत्तर मिळत नसेल तर ती ओळ खोडा.

बाकीच्यांनी कात्री घ्या. वस्तीवस्तीतनं कात्रणं कापा, 'दबक्या आवाजा'खाली लाल रेघ मारा आणि संपादकाला जाऊन दाखवा. तिथं मात्र पुटपुटू नका.

जय भीम!