शिबिर संपल्यावर

या आठवड्यात तळोद्यात दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर झालं. आश्रमशाळांतली नववी-दहावीची मुलंमुली आली होती. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने रंगीत कार्डावर लिहायचं होतं, 'पाच वर्षांनी मी कोण असेन?' माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचं कार्ड कोरंच. विचारलं तर हळूच म्हणाली, "सर, मुकादमाची उचल घेतलीय घरी. दिवाळीनंतर आई-बाबा बारडोलीकडे ऊसतोडीला जातील. भावाला इथं कोण सांभाळणार? मलाच शाळा सोडून घरी बसावं लागेल." हाच प्रश्न तिने उभं राहून प्रशिक्षकांना विचारला. त्यांनी तिला सकारात्मक राहायला सांगितलं आणि प्रमाणपत्रं वाटायला घेतली.

ज्या मुलांकडे अजून जातीचा दाखला नाही, त्यांना आपण नेतृत्वाचा दाखला देतो.

याच भागात शिबिरं पूर्वीही झाली आहेत. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे पुढारी आंबरसिंग सुरतवंती स्वतः भिल्ल. लोक त्यांना महाराज म्हणत. त्यांच्यासोबतच्या पोरांनी शिबिरात काय केलं? गावातली कोणाची जमीन कोणत्या सावकाराकडे गेली, सालदाराला वर्षाला काय मिळतं, याचा हिशेब मांडला. शिबिर उठलं की दुसऱ्या दिवशी तोच हिशेब घेऊन मालकाच्या दारात जायचं. बायांच्या शिबिरात नवऱ्याच्या दारूचा आणि माराचा विषय निघाला, तेव्हा बाया तिथूनच उठून दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. 'आत्मविश्वास' नावाचं वेगळं सत्र ठेवायची वेळ कोणावर आली नाही. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ साली झाला, त्यामागे या पोरांचे पाय झिजले होते, असं मी मानतो.

आणि सोबत राहणारी माणसं होती. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर त्या काळात इकडे आले आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत इथल्या शेतमजुरांचेच राहिले. शिबिर दोन दिवसांचं असायला माझी हरकत नाही. पण तिसऱ्या दिवशी पोराला हाक मारायला कोणी हवं ना? अडचणीत वाढणाऱ्या मुलात धमक नसते, हे मला कधीच पटलेलं नाही. आई-बाप कारखान्याच्या पडावावर असताना चार भावंडांचं जेवण, शाळा, ताप सांभाळणारी चौदा वर्षांची पोर पुढारीच आहे. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारं कोणी नाही, एवढंच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची सोय आहे. मुलं गावात राहतात, शाळा सुटत नाही. पण ती मागणी मजुरांच्या गाड्या भरायच्या आधी व्हावी लागते, आणि शाळेत यादी कोणी तरी नेऊन द्यावी लागते. तळोद्याच्या शिबिरात त्या दोन दिवसांत या वसतिगृहांचं नावही निघालं नाही. गावात ऊसतोडीला जाणारी घरं किती, असं मी त्या मुलीला विचारलं. तिने पटापट बोटांवर मोजली, कोणाची किती मुलं तेही सांगितलं. मग कोरं कार्ड उलटं करून मागच्या बाजूला नावं लिहायला बसली. ती यादी माझ्याकडे आहे. सोमवारी तिच्या गावच्या शाळेत आम्ही दोघं जाणार आहोत.