मामंजींचे वीस गुंठे

सासू-सुनांविषयी या सदरात मी पुष्कळ लिहिले आहे आणि पुढेही लिहीन, कारण तो विषय संपणारा नाही. सासऱ्यांविषयी मात्र कुणी फारसे लिहीत नाही. खेड्यातल्या घरात सासरा म्हणजे सोप्यात बसलेले वडीलधारे माणूस. त्यांच्यासमोरून जाताना पदर सावरायचा, चहाची कपबशी दाराआडून पुढे सरकवायची, एवढाच सुनेचा संबंध. माझे मामंजी या रीतीत बसणारे नव्हते. २०२३ च्या माघात ते गेले. त्यांच्यावर काही लिही, असे घरातली मंडळी तेव्हापासून म्हणत होती. आज लिहायला घेतले त्याला कारण त्यांची वीस गुंठे जमीन; पण तिच्याकडे येण्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवे.

आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, कोल्हापूर शहरापासून अडीच कोसांवर. घरी ऊस, थोडे भात आणि गोठ्यात चार म्हशी. तरुणपणी मामंजी पहाटे धारा काढून सायकलला किटल्या अडकवायचे आणि गंगावेशीत दुधाचा रतीब घालायला जायचे. तिथल्या पोरांच्या संगतीत त्यांना फुटबॉल लागला. ‘लागला’ हा शब्द आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. भूत लागावे तसा.

लांबच्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणींना याचे नवल वाटेल. कोल्हापूर म्हटले की कुस्ती, शाहू महाराजांचे खासबाग मैदान आणि तांबडी माती डोळ्यांपुढे येते. पण त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकली तर आखाडा आठवावा, आणि आज ती गाजतात मात्र फुटबॉलमुळे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्षा अशी की सोयरीक जुळवताना आधी पेठ विचारावी, असे मामंजी थट्टेने म्हणत. सामने शाहू स्टेडियमवर होतात, पावसाळा सरल्यावर, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे गुऱ्हाळे आणि कारखाने पेटलेले असतात नेमके तेव्हा. शेतकऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही अशा दिवसांत मामंजी दुपारी चारचा सामना गाठत. त्यासाठी पहाटे तीनला उठून पाणी पाजून घेत. सामन्यासाठी घरचे काम दुसऱ्यावर टाकले, असे मी त्यांच्या बाबतीत एकदाही पाहिले नाही.

ते कोणत्या तालमीचे होते ते लिहीत नाही. उद्या दुसऱ्या पेठेतले वाचक घरी भांडायला येतील.

सामन्याचा निकाल आम्हा बायकांना त्यांच्या हातातल्या पुडीवरून कळायचा. संघ जिंकला तर जिलेबी, हरला तर भडंग. पोरांना भडंगच जास्त आवडायचा, त्यामुळे आमच्या घरात आजोबांचा संघ हरावा म्हणून देवाला हात जोडणारी मंडळी होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. मैदानात प्रेक्षकांची हुल्लड होऊन सामने बंद ठेवण्याची पाळी कोल्हापुरात अधूनमधून येते. तसे झाले की मात्र ना जिलेबी ना भडंग. दोन-दोन दिवस माणूस नीट जेवत नसे. “खेळ बघायला जात्यात का बांधावरचं भांडण काढायला?” एवढेच बोलायचे आणि गोठ्यात जाऊन बसायचे.

१९८४ साली मी लग्न होऊन आले ती माणदेशातून. आमच्याकडे चेंडू म्हणजे विटी-दांडूच्या शेजारचा पोरखेळ. पहिल्याच हंगामात मामंजींनी मला आणि नणंदेला चुलीपुढे बसवून खेळ समजावला. ऑफसाइड काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा म्हणाले, “पंगतीत वाढपी यायच्या आधीच पुढं जाऊन पाटावर बसतो तो हावरा. त्येला वाढायचं न्हाई, असा नेम.” तेवढ्यावर मला जे समजले ते आजही पुरते.

घरात एक जुना चामड्याचा चेंडू होता, आत ब्लॅडर आणि वरून वादी बांधलेला. त्याला ते एरंडेल चोळत आणि माजघरातल्या उतरंडीवर ठेवत. आत्याबाई त्याला ‘माझी सवत’ म्हणायच्या. १९८६ साली गुळाची पट्टी आली तेव्हा आत्याबाईंच्या मनात बोरमाळ होती आणि घरात आला काळा-पांढरा दूरदर्शन संच. मेक्सिकोतले विश्वचषकाचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू व्हायचे. पेरणी उरकलेली, बाहेर पाऊस, आणि आमच्या सोप्यात निम्मी गल्ली. मॅराडोनाने इंग्लंडवर दोन गोल केले, एक हाताने आणि एक निम्मे मैदान पळत जाऊन. मामंजींचा निवाडा तिथल्या तिथे झाला: “पहिला चोराचा, दुसरा देवाचा.” बोरमाळ पुढच्या वर्षी झाली. तीही न मागता, न विसरता.

आता त्या जमिनीकडे येते.

गावाला लागून, आमच्या परड्याच्या मागे, माळाचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. पूर्वी तिथे पावसावर भुईमूग यायचा, पुढे सोयाबीन. दसरा-दिवाळीला पीक निघाले की मामंजी धनगराला धान्य देऊन दोन रात्री मेंढ्या बसवायचे आणि मग ते रान अक्षय तृतीयेपर्यंत गावच्या पोरांचे. दोन्ही टोकांना वेळूचे खांब, फक्कीच्या रेषा, शिट्टी मामंजींच्या गळ्यात. मोठ्या सामन्याचे मैदान सुमारे सत्तर गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर लागते. आमच्या तुकड्यावर सात-सात जणांचाच खेळ व्हायचा. तेवढ्यावरही चारी वाड्यांची पोरे यायची.

१९९४ च्या सुमारास उपसा योजनेचे पाणी माळावर आले आणि प्रश्न उभा राहिला. पाणी आले म्हणजे ऊस आला. आडसाली लावण केली तर रान सोळा-अठरा महिने अडकते, पाठोपाठ खोडवा. शेजारच्या सगळ्या माळावर दोन वर्षांत ऊस उभा राहिला. आमच्या यजमानांनी हिशेब मांडला: गुंठ्याला टन धरला तरी वीस टन. ते खोटे नव्हते. सोसायटीचे कर्ज होते, धाकट्या दिरांचे लग्न तोंडावर होते. माझे मतही यजमानांच्या बाजूचे होते आणि मी ते बोलून दाखवले. पोटापाण्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नसतो.

मामंजींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, “नदीकाठाला हाय की ऊस. सगळंच रान उसानं झाकलं तर पोरं जायाची कुठं? गुत्त्याला?” पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, ही त्यांची खुबी. गोठ्यात पाचवी म्हैस आणली आणि तिचे दूध त्या वीस गुंठ्यांच्या नावाने वेगळे मांडायला लावले. वही माझ्याकडे होती. वर्षाच्या शेवटी उसाइतके पैसे भरले नाहीत, पण दिरांच्या लग्नात कुणापुढे हात पसरावा लागला नाही. त्यांचा शौक घराला महाग पडला, असे कुणाला म्हणता येऊ नये, याची त्यांना फार काळजी.

माझी मुलगी बारा वर्षांची असताना, २००२ साली, त्या रानात पोरांबरोबर खेळू लागली. गल्लीत कुजबूज झाली. भावकीतले एक आजोबा मुद्दाम सांगायला आले की, वयात येणारी पोरगी अर्ध्या चड्डीत बरी दिसत नाही. मामंजींनी त्यांना चहा पाजला, पान दिले आणि म्हणाले, “गुडघ्याला माती लागली तर धुतली की जाती. तुमची नात बी पाठवा, एक गडी कमी पडतोय.” त्या आजोबांची नात काही आली नाही. पण पुढच्या वर्षी शाळेच्या तालुक्याच्या सामन्यांना मुलींचा संघ गेला, त्यात आमच्या गावच्या पाच जणी होत्या.

२०११ साली आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. घरात दोन सुना होत्या, पण मामंजींनी आम्हाला वरवरचेच करू दिले. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे सगळे स्वतः. केस विंचरताना त्यांच्या राठ बोटांत गुंता अडकायचा आणि आत्याबाई एका बाजूने हसायच्या. तीन हंगाम ते शाहू स्टेडियमची पायरी चढले नाहीत. पेठेतली मित्रमंडळी फोनवरून निकाल सांगायची. जिलेबी-भडंग बंद पडला.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आत्याबाईंची बाज परड्यात, खेळ दिसेल अशी टाकली. जिने जन्मभर चेंडूला सवत म्हटले ती बाई रोज चार वाजले की डाव्या हाताने बाजेचा ठोका वाजवू लागली, मला बाहेर न्या म्हणून. महिनाभरात तिला सगळी पोरे नावानिशी ठाऊक झाली. कुणी सोपा गोल चुकवला की अडखळत्या जिभेने शिवी हासडायची, आणि गंमत अशी की शिवी अगदी स्पष्ट यायची. डॉक्टरांनी बोलण्याचा सराव द्यायला सांगितले होते. तो सराव तिला त्या पोरांनी दिला. पोरेही खेळ संपला की बाजेपाशी येऊन पाया पडून जायची. २०१४ च्या वैशाखात त्या गेल्या. त्या वर्षी नांगरट करताना मामंजींनी बाजेएवढी जागा तशीच ठेवली. दुसऱ्या वर्षी मात्र नांगरली. तिथे थांबून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक २०१७ च्या ऑक्टोबरात आपल्या देशात झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मामंजींनी त्या दिवशी धुतलेला फेटा बांधून सामना पाहिला. संघ हरला, तरी गावात जिलेबी वाटली. इतक्या वर्षांत हरल्यावर जिलेबी आलेली ती एकदाच.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात शिरला असेल. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला. गल्लीत पाणी चढू लागले तेव्हा जनावरे न्यायची कुठे, हा प्रश्न पडला. माळावर सगळीकडे डोक्याएवढा ऊस, म्हशी बांधायला मोकळी जागा नाही. मोकळे होते ते आमचे वीस गुंठे, आणि त्यात गुडघाभर सोयाबीन. मामंजींचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. काठी टेकत गेले, बांधावरच्या बोराट्या स्वतःच्या हाताने ओढून काढल्या आणि जनावरे आत घ्यायला सांगितली. खालच्या आळीतली म्हातारीकोतारी पाठीवर घेऊन वर आणणारी पोरे तीच, रोज संध्याकाळी तिथे खेळणारी. सोयाबीनचा एक दाणा हाती लागला नाही. पंचनाम्यात ते पीक धरले गेले नाही, कारण ते पुराने गेलेले नव्हते. मामंजींनीही अर्ज केला नाही.

त्यांच्या माघारी वारसनोंद झाली. सात-बारावर दोन मुलगे आणि मुलगी अशी तीन नावे चढली. नदीकाठची वाटणी मामंजींनी हयातीतच करून दिली होती. हा तुकडा तेवढा स्वतःच्या नावावर ठेवला होता. धाकट्या दिरांना तिथे ऊस लावायचा होता. त्यांची मुलगी पुण्याला शिकते, खोलीचे भाडे आणि फी दोन्ही वाढती, आणि उसाला टनाला तीन हजारांच्या आसपास दर. त्यांची अडचण खरीच होती. आमच्याकडे पद्धत अशी की बहिणीला साडीचोळी करायची आणि तिने हक्कसोडपत्रावर सही करायची. त्याप्रमाणे कागद तयार झाला. नणंदबाई आल्या, जेवल्या, कागद वाचला आणि पेन खाली ठेवले.

“कायद्यानं माझा तिसरा हिस्सा हाय,” त्या म्हणाल्या. “मला त्यातला रुपया नको. पण सही करणार न्हाई. रान दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत पड राहील, तोवर माझं नाव तिथं राहील.”

दीर उठून बाहेर गेले. त्या रात्री घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. दुसऱ्या दिवशी यजमानांनी पाचव्या म्हशीची जुनी वही काढली. तिच्या जागी आज तिचीच नातवंडे गोठ्यात आहेत. त्यांतल्या एकीचे दूध दिरांच्या मुलीचे शिक्षण संपेपर्यंत तिच्या नावाने मांडायचे ठरले. हिशेब लिहायचे काम पुन्हा माझ्याकडे आले.

हक्कसोडपत्र कपाटात तसेच पडून आहे. रान दरवर्षी पोरांच्या पायांनी खळ्यासारखे घट्ट होते. दुसरीकडे नांगराची एक पाळी पुरते, तिथे इथे दोन घ्याव्या लागतात. त्या जादा पाळीचे पैसे तिघे भावंडे वाटून घेतात. नणंदबाई आपला वाटा सोयाबीनच्या पैशातून कापून घ्यायला सांगतात, आणि वर कोल्हापूरहून येताना एक पुडी आणायला. भडंगाची.