आधी सिद्ध हो, मग पैसे माग?

‘तरुण गोलरक्षकाचा भरवसा नसतो. आधी दोन-तीन वर्षांचा स्वस्त करार द्यावा, तो सिद्ध झाला की मग तिजोरी उघडावी.’ उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचे एक जाणकार हे वारंवार सांगतात आणि दाखला देतात बॉस्टन ब्रुइन्सच्या जेरेमी स्वेमनचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार झाला आणि त्याच मोसमात फटके अडवण्याचं त्याचं प्रमाण ९१.६ टक्क्यांवरून ८९.२ वर आलं. पैसा मिळाला, पोरगा बिघडला!

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. २०२३ साली स्वेमनचा पगार लवादाने ठरवला. लवादापुढे क्लब आपल्याच खेळाडूची उणीदुणी काढतो आणि खेळाडू समोर बसून ऐकतो. हाती आले एका वर्षाचे ३४.७५ लाख डॉलर. हा अनुभव पुन्हा नको, असं तो नंतर उघड बोलला. पुढच्या वसंतात बाद फेरीत त्याने ९३.३ टक्के फटके अडवले. क्लबाने त्याचा जोडीदार गोलरक्षक लायनस उलमार्कला ओटावाला देऊन टाकलं. म्हणजे क्लबापुढे पर्याय उरला नव्हता, तरी नव्या कराराची घासाघीस उन्हाळाभर चालली. क्लबाच्या अध्यक्षांनी तर पत्रकारांसमोर ६ कोटी ४० लाखांचा आकडा काढून त्याला टोमणा मारला. स्वेमनचं सराव शिबिर अख्खं बुडालं आणि मोसमाला दोन दिवस उरले असताना सही झाली. गोलरक्षकाचा कोन आणि अंदाज शिबिरातले शेकडो फटके झेलूनच बसतो. ते त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. मग घसरणीचा दोष पैशाला का? तो घासाघिशीचा आहे.

आणि स्वस्त करार स्वस्त तरी पडतो का? न्यूयॉर्क रेंजर्सने २०२१ मध्ये गोलरक्षक इगोर शेस्टर्किनला वर्षाला सुमारे ५७ लाखांवर चार वर्षं बांधलं. पुढच्या आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी १५ लाख मोजावे लागले. ‘पण मोठा करार मिळूनही घसरलेला गोलरक्षक मॅट मरे?’ दुखापतींनी घेरलेल्या माणसावरून सगळ्यांचा भाव ठरत नाही.

गोल करणाऱ्या विशीतल्या पोरांना आठ-आठ वर्षं देताना हे जाणकार कधी कचरले नाहीत. मग गोलरक्षकालाच वेगळा न्याय का, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

रास्त वाट कॅलगरीच्या क्लबाने दाखवली. २०१९ च्या नवोदितांच्या निवडीत २१४ व्या क्रमांकापर्यंत कुणी न घेतलेल्या गोलरक्षक डस्टिन वुल्फला, जुना करार संपायला वर्ष बाकी असतानाच, सप्टेंबर २०२५ मध्ये सात वर्षांसाठी वर्षाला ७५ लाख दिले. लवाद नाही, टोमणे नाहीत, आणि सही शिबिराच्या आधी.